बॉस्टनचा ‘शाप’ नेमका कोणाच्या सोयीचा होता?

१/
१६ ऑक्टोबर २००३. न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातवा, म्हणजे निर्णायक सामना. आठव्या इनिंगचा उत्तरार्ध सुरू होताना बॉस्टन रेड सॉक्स ५-२ असे पुढे होते. आणखी सहा बाद मिळवले की यांकीज घरी आणि बॉस्टन वर्ल्ड सिरीजमध्ये. पुढच्या काही मिनिटांत बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये सामना ६-५ असा हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये पराभवाची दोन स्पष्टीकरणे फिरत होती. पहिले: मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी दमलेल्या पिचरला वेळेवर बाहेर काढले नाही. दुसरे: बेब रूथचा शाप. पहिल्या स्पष्टीकरणाला ‘चाहत्यांचा राग’ म्हणून हसण्यावारी नेण्यात आले आणि दुसऱ्याला परंपरा म्हणून मखरात बसवण्यात आले. हे नेमके उलटे व्हायला हवे होते. का, ते या थ्रेडमध्ये.

२/
बेसबॉल अपरिचित असणाऱ्यांसाठी आधी एक नियम, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला थांबवतो आणि दहा षटकांनी पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये तसे होत नाही. पिचरला सामन्यातून बाहेर काढले की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हा निर्णय मैदानावरचा कर्णधार घेत नाही. डगआउटमध्ये बसलेला मॅनेजर घेतो. म्हणजे निर्णय एकाच माणसाचा आणि तो मागे घेता न येणारा. मॅनेजरला उद्देशून चाहते एवढे का चिडतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या नियमात आहे.

३/
आता ती आठवी इनिंग.

पिचर पेद्रो मार्टिनेझ. त्या काळातील सर्वश्रेष्ठांपैकी एक. सातवी इनिंग संपली तेव्हा त्याचे शंभर चेंडू टाकून झाले होते. त्या सातव्या इनिंगमध्येच जेसन जियाम्बीने त्याला सामन्यातला दुसरा होमरन मारला होता आणि त्यामागोमाग आणखी दोन बॅटर बेसवर पोहोचले होते. अखेरचा बॅटर बाद झाल्यावर पेद्रोने आकाशाकडे बोट दाखवले, डगआउटमध्ये सहकाऱ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. त्याचे काम झाले, असे पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटले. त्यालाही तसेच वाटले असावे.

आठव्या इनिंगला तोच पुन्हा मैदानात उतरला.

४/
पहिला बॅटर बाद. मग डेरेक जीटरचा डबल. मग बर्नी विल्यम्सचा फटका, ५-३. आता लिटल स्वतः चालत पिचरपर्यंत गेले. सगळ्या स्टेडियमने मानले की बदल होणार. पेद्रोने आपण टाकू शकतो असे सांगितले आणि लिटल एकटेच परतले. त्यानंतर हिदेकी मात्सुईचा डबल. त्यानंतर होर्हे पोसाडाचा मैदानाच्या मध्यभागी अलगद पडलेला फटका आणि दोन धावा. ५-५. १२३ चेंडूंनंतर पेद्रोला बाहेर काढण्यात आले. अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर ॲरन बूनने होमरन मारला आणि खेळ संपला.

५/
“हे सगळे बैल गेल्यावर झोपा करणे आहे”, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि आजही घेतला जातो. निकाल कळल्यानंतर कोणीही शहाणा होतो, पोसाडाचा तो अलगद फटका झेलला गेला असता तर लिटल धाडसी ठरले असते, असा त्याचा आशय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आक्षेपापुढे मान तुकवू नये. पश्चातबुद्धी आहे की नाही, हे ठरवण्याची एक साधी कसोटी आहे: निर्णयाच्या क्षणी निर्णय घेणाऱ्यासमोर कोणती माहिती उपलब्ध होती?

६/
त्या रात्री उपलब्ध असलेली माहिती अशी. शंभर चेंडूंच्या आसपास गेल्यावर पेद्रोची धार झपाट्याने उतरते, हे रेड सॉक्सच्या व्यवस्थापनाला आकडेवारीनिशी ठाऊक होते. हाच तो संघ, ज्याने २००२ च्या नोव्हेंबरात अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या थिओ एपस्टीनला जनरल मॅनेजर केले आणि बेसबॉलच्या आकडेशास्त्राचे आद्यपुरुष बिल जेम्स यांना सल्लागार म्हणून घेतले. दुसरीकडे राखीव पिचर, म्हणजे बुलपेन. माइक टिमलिन, ॲलन एम्ब्री आणि स्कॉट विल्यमसन हे त्या ऑक्टोबरमध्ये उत्कृष्ट फॉर्मात होते. शिवाय सातव्या इनिंगमध्ये थकव्याच्या खुणा डोळ्यांनी दिसल्या होत्या.

एवढे सारे समोर असताना घेतलेला निर्णय चुकीचा म्हणायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. टीव्हीसमोर बसून “काढा त्याला” असे ओरडणारा चाहता मात्सुईच्या फटक्याआधीच ओरडत होता. त्याला पश्चातबुद्धी कशी म्हणायची?

७/
लिटल यांच्या बाजूने जे सांगता येते तेही नोंदवायला हवे. दोन हंगामांत त्यांनी १८८ सामने जिंकून दिले होते. खेळाडूंचा त्यांच्यावर जीव होता. खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा त्यांच्या स्वभावाचा आणि यशाचाही भाग होता. पण निर्णायक क्षणी दमलेल्या योद्ध्याला “दमलास का?” असे विचारायचे नसते. तो नाही म्हणणारच. पेद्रोचे उत्तर हा त्याच्या जिद्दीचा पुरावा होता, त्याच्या खांद्याच्या अवस्थेचा नव्हे. साक्षीदाराला काय ठाऊक असू शकते आणि काय नाही, हे न तपासता साक्ष स्वीकारण्याची ही चूक.

महिना संपण्याआधी लिटल यांचा करार पुढे न वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला.

८/
आता शापाकडे.

प्रचलित कथा सर्वांना ठाऊक आहे. बॉस्टनने १९१८ पर्यंत पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या. मग मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ, टोपणनाव ‘बांबिनो’, याला यांकीजना विकले. त्या पैशांतून ‘नो, नो, नॅनेट’ हे संगीतनाटक काढले. आणि रूथच्या शापाने बॉस्टनला ८६ वर्षे विजेतेपद मिळू दिले नाही.

कथा म्हणून झकास आहे. पुरावा म्हणून हातात घेतली की तिचा भुगा होतो.

९/
रूथच्या विक्रीचा व्यवहार डिसेंबर १९१९ अखेरचा. ‘नो, नो, नॅनेट’ ब्रॉडवेवर आले सप्टेंबर १९२५ मध्ये. मधली साडेपाच वर्षे कथेने गिळून टाकली. फ्रेझी यांनी विकला तो एकटा रूथ नव्हे. १९२३ मध्ये यांकीज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा वेट हॉइट, हर्ब पेनॉक, जो बुश, सॅम जोन्स हे त्यांचे पिचर सगळे पूर्वाश्रमीचे बॉस्टनकर होते. एखादा संघ चार-चार उत्तम पिचर प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो आणि मग हरतो, यात गूढ ते काय? जाता जाता आणखी एक: फ्रेझी यांच्या खलपुरुष-प्रतिमेत ज्यूद्वेषाचाही वाटा होता. हेन्री फोर्ड यांच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेन्डन्ट’ या पत्राने त्यांना ज्यू ठरवून झोडपले. फ्रेझी ज्यू नव्हते. आणि असते तरी काय बिघडले असते?

१०/
त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा ‘शतकजुना’ शाप फारसा जुना नाही. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमधील पराभवानंतर न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रीय लेखनात रूथच्या शापाचा उल्लेख आला आणि १९९० मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’चे स्तंभलेखक डॅन शॉनेसी यांच्या ‘द कर्स ऑफ द बांबिनो’ या पुस्तकाने ही कल्पना घराघरांत नेली. १९४६ चा पराभव, १९६७ चा पराभव, १९७५ चा पराभव, हे तिन्ही नंतर ओवलेले मणी आहेत. परंपरा म्हणून मिरवल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी आजोबांच्या नव्हे, वडिलांच्या पिढीत जन्मलेल्या असतात. ही त्यांतलीच एक.

११/
या वेळी पानिपताची आठवण येणाऱ्या वाचकाची चूक नाही. १७६१ च्या पराभवाचे सारे खापर एकट्या भाऊसाहेबांच्या माथी फोडणारे लेखन आणि सारा दोष नियतीला देणारे लेखन, दोन्ही मराठीत उदंड झाले. रसदीचा, मित्रांचा, वेळेचा हिशेब मांडणारे लेखन त्यामानाने कष्टाचे आणि म्हणून कमी वाचले गेलेले. एका सामन्याची आणि एका महायुद्धाची तुलना येथे अभिप्रेत नाही. हिशेब टाळण्याची सवय मात्र एकाच जातीची आहे.

१२/
शाप काय काय झाकतो, ते पाहायचे तर २५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र पाहावी. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. मालिकेत बॉस्टन ३-२ पुढे. दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टन ५-३ पुढे. मेट्सचे दोन बॅटर बाद. एक बाद मिळाला की ६८ वर्षांचा दुष्काळ संपणार.

आणि मग लोकस्मृतीत उरलेला प्रसंग: मूकी विल्सनने मारलेला जमिनीलगतचा चेंडू फर्स्ट बेसवर उभ्या बिल बकनरच्या पायांमधून निसटतो, मेट्स जिंकतात.

१३/
स्मृतीने काय गाळले ते पाहा.

तो चेंडू निसटला तेव्हा धावसंख्या आधीच ५-५ झाली होती. कॅल्विन शिराल्डी हा थकलेला तरुण पिचर आपली तिसरी इनिंग टाकत होता. त्याने ओळीने तीन फटके दिले तरी मॅनेजर जॉन मॅकनमारा तोवर थांबले. मग बॉब स्टॅन्ली आला आणि त्याच्या भरकटलेल्या चेंडूवर बरोबरीची धाव झाली. हे सगळे घडून गेल्यावर बकनरची चूक झाली.

आणि बकनर त्या जागी होताच कशाला? त्याचे घोटे जायबंदी होते, तो धड वाकू शकत नव्हता. म्हणून बॉस्टन पुढे असताना अखेरच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला उतरवण्याची प्रथा होती. त्या मालिकेत बॉस्टनने जिंकलेल्या सामन्यांत तसेच झाले होते. सहाव्या सामन्यात झाले नाही.

१४/
निर्णय कोणाचा होता? मॅकनमारा यांचा. शिक्षा कोणाला झाली? बकनरला.

बावीस हंगाम खेळलेला, २,७१५ फटक्यांचा धनी, १९८० मध्ये नॅशनल लीगचे फलंदाजीचे अग्रस्थान मिळवलेला हा खेळाडू पुढची वीस वर्षे एका चेंडूचा कैदी होऊन राहिला. शेवटी त्याने कुटुंबासह दूर आयडाहो राज्यात बस्तान हलवले. दोनच दिवसांनी सातव्या सामन्यात बॉस्टनने ३-० ची आघाडी घेऊन ती पुन्हा गमावली, ८-५ अशी. ते तर कोणाच्या खिजगणतीतही नाही.

येथे चाहत्यांनाही सूट नाही. त्यांचा राग खरा होता, पण पत्ता चुकला. मॅनेजरचा निर्णय हा डगआउटमधल्या अंधारात घडतो, त्याचे चित्र निघत नाही. पायांमधून जाणाऱ्या चेंडूचे चित्र निघते आणि हजार वेळा दाखवता येते. छायाचित्राला पुरावा समजण्याची घाई माणसाला केवढ्या अन्यायापर्यंत नेते, याचे हे उदाहरण.

१५/
शापाने या अन्यायावर मोहोर उमटवली. ‘हे तर लिहिलेलेच होते’ असे एकदा म्हटले की मॅकनमारा सुटतात आणि बकनर नियतीचे हत्यार ठरतो. कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

२००३ मध्येच, यांकी स्टेडियममधल्या त्या रात्रीच्या दोन दिवस आधी, शिकागोत याची भयंकर आवृत्ती घडली होती. शिकागो कब्ज वर्ल्ड सिरीजपासून पाच बाद दूर होते, ३-० ने पुढे होते. प्रेक्षकांच्या कठड्यालगत आलेल्या चेंडूला एका तरुण प्रेक्षकाचा हात लागला, खेळाडूला तो झेलता आला नाही. त्यानंतर शॉर्टस्टॉपने सोपा चेंडू सोडला. मॅनेजर डस्टी बेकर यांनी तेवीस वर्षांच्या मार्क प्रायरला बरोबरी होईपर्यंत बाहेर काढले नाही. एका इनिंगमध्ये आठ धावा झाल्या. आणि सगळा दोष त्या प्रेक्षकाचा! त्याला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर काढावे लागले, त्याच्या घरापुढे पोलीस उभे करावे लागले. शिकागोकडेही एक शाप होताच, बोकडाचा. दुसऱ्या दिवशी सातवा सामना होता, तोही कब्ज हरले. त्याच्याशी त्या प्रेक्षकाचा काय संबंध, हे कोणी विचारले नाही. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही.

१६/
आता सर्वांत जड मुद्दा. शापाने केवळ मॅनेजरांच्या चुका झाकल्या असत्या तर एवढा संताप व्यक्त करण्याचे कारण नव्हते. त्याने याहून वाईट काहीतरी झाकले.

१६ एप्रिल १९४५. बॉस्टनचे फेनवे पार्क. तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी: जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो, मार्व्हिन विल्यम्स. संघाच्या मनात ती घ्यायची नव्हती. नगरसेवक आयझॅडोर मचनिक यांनी रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवण्याचा धाक घातला, ‘पिट्सबर्ग कुरियर’चे कृष्णवर्णीय पत्रकार वेंडेल स्मिथ यांनी खेळाडू आणले, म्हणून ती झाली. तिघांपैकी एकालाही पुन्हा बोलावणे आले नाही.

१७/
रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून उतरला आणि अमेरिकेचा इतिहास बदलला. जेथ्रो १९५० मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि तो ठरला बॉस्टनमध्येच. शहरातल्या दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्ह्जकडून. विली मेझ नावाचा अलाबामाचा पोरगा रेड सॉक्सच्या माणसांनी पाहिला आणि सोडून दिला. बेसबॉलच्या इतिहासातील थोरांत थोर खेळाडूंमध्ये त्याची गणना होते.

रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला २१ जुलै १९५९ रोजी. रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी. सोळा संघांत सर्वांत शेवटी.

१८/
या बारा वर्षांचे मोल काय, हे एका सामन्यावरून कळते. ४ ऑक्टोबर १९४८. हंगामाअखेरीस बॉस्टन आणि क्लीव्हलंड बरोबरीत, म्हणून एकच निर्णायक सामना. बॉस्टनचे मॅनेजर जो मॅकार्थी यांनी तरुण मेल पार्नेलला बाजूला ठेवून छत्तीस वर्षांच्या डेनी गेलहाउसकडे चेंडू दिला. बॉस्टनचे जुने चाहते या निर्णयावर पुढे अनेक दशके बोटे मोडत होते, आणि योग्यच मोडत होते. बॉस्टन ८-३ ने हरले.

पण समोरचा संघ कोणता होता? अमेरिकन लीगमध्ये वर्णभेदाची भिंत सर्वांत आधी पाडणारा. त्याच्याकडे लॅरी डोबी होता, सॅचेल पेज होता. त्याच क्लीव्हलंडने पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. बॉस्टन १९४६ मध्ये सातव्या सामन्यात हरले, १९४८ मध्ये या एका सामन्यात, १९४९ मध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी. तीनदा, प्रत्येक वेळी एका सामन्याच्या अंतराने. ज्याला दारातून परत पाठवले तो रॉबिन्सन १९४९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरत होता.

आता सांगा, हा शाप बेब रूथचा, की मालक टॉम यॉकी यांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे घेतल्या गेलेल्या निर्णयांचा?

१९/
यॉकी १९३३ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत संघाचे मालक होते. त्यांच्या काळात संघाने एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकली नाही. तरी लोककथेतला खलनायक कोण? पन्नास वर्षांपूर्वीचा फ्रेझी. शाप ही कथा फ्रेझीपाशी सुरू होते आणि यॉकी यांना वगळून थेट बकनरपाशी पोहोचते. एखाद्या बखरकाराला बक्षिसी देऊनही इतकी सोयीची वंशावळ लिहून घेता आली नसती. फेनवे पार्कलगतच्या रस्त्याला यॉकी यांचे नाव होते. ते २०१८ मध्ये, स्वतः संघाच्याच मागणीवरून, काढण्यात आले आणि जर्सी स्ट्रीट हे जुने नाव परत आले.

२०/
“पण २००४ मध्ये शाप संपला ना?” असे विचारणारे भेटतात. २००४ मध्ये जे संपले ते निर्णयांनी संपले. लिटल गेले, टेरी फ्रँकोना आले. कर्ट शिलिंगला आणले गेले, कीथ फोक आला. ३१ जुलैला एपस्टीनने शहराचा लाडका शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा याला दुसरीकडे पाठवले आणि क्षेत्ररक्षण भक्कम केले. चाहते तेव्हाही चिडले होते, आणि त्या वेळी ते चुकले होते. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा चपळ धावपटू संघात आला. यांकीजविरुद्ध मालिकेत ०-३ असे मागे असताना, चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये, फ्रँकोना यांनी त्याला बदली धावपटू म्हणून पाठवले. त्याने सेकंड बेस चोरला, बरोबरीची धाव केली आणि तेथून बॉस्टन ओळीने आठ सामने जिंकले. यात भुते कुठे आहेत?

२१/
शापाची कथा नसली की चर्चा किती वेगळी होते, ते टँपा बे रेजच्या उदाहरणावरून दिसते. हा संघ १९९८ चा. त्याला पूर्वजांचे पाप वगैरे परवडणारेच नव्हते. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज १-० पुढे. पिचर ब्लेक स्नेल: ७३ चेंडू, दोन फटके, नऊ बॅटर झेलाविना थेट बाद. सहाव्या इनिंगमध्ये दुसरा फटका बसताच मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला बाहेर काढले. निक अँडरसन आला. मूकी बेट्सचा डबल, भरकटलेला चेंडू, बरोबरी, आघाडी. डॉजर्स ३-१ ने जिंकून विजेते झाले.

२२/
लिटल यांच्या वेळी काढले नाही म्हणून राग, कॅश यांच्या वेळी काढले म्हणून राग. मग चाहत्यांना हवे तरी काय? असा टोमणा तेव्हा पंडितांनी मारला. टोमणा चुरचुरीत आहे आणि पोकळ आहे. कसोटी तीच लावावी. कॅश यांच्या बाजूने एक भक्कम तत्त्व होते: एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला अधिक चांगले खेळतात. याच शिस्तीवर रेज हंगामभर जिंकले होते. पण त्या क्षणी आणखी दोन गोष्टी समोर होत्या. पुढचे तीन बॅटर, बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, स्नेलसमोर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा थेट बाद झाले होते. आणि अँडरसनने आधीच्या ओळीने सहा सामन्यांत धाव दिली होती. ही दुसरी गोष्टसुद्धा आकडेवारीच होती. कॅश यांनी आकडेवारीचे ऐकले हे अर्धसत्य आहे. त्यांनी सरासरीचे ऐकले आणि समोरच्या आकड्यांकडे पाठ फिरवली. लिटल यांनी माणसाचे ऐकले आणि आकड्यांकडे पाठ फिरवली. दोन्ही वेळी चाहत्यांचा आक्षेप एकच होता: जे दिसत आहे ते पाहा.

२३/
टँपाच्या चाहत्यांनी कोणा खेळाडूला वीस वर्षे छळले नाही. वाद झाला तो निर्णयपद्धतीवर, नावानिशी, तर्कानिशी. कॅश यांनी पराभवानंतर आपला विचार स्पष्ट मांडला, टीका ऐकली, नोकरी टिकली आणि त्या हंगामाचा अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम मॅनेजर हा मानही त्यांना मिळाला. त्या रात्री जिंकलेल्या डॉजर्सचे मॅनेजर होते २००४ चे तेच धावपटू, डेव्ह रॉबर्ट्स; आणि मूकी बेट्सला त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉजर्सच्या हवाली केले होते बॉस्टनने. या व्यवहारावर बॉस्टनचे चाहते अजून चिडलेले आहेत. यंदा मात्र कोणाच्या शापाला वेठीस धरलेले नाही. ते थेट मालकांना जाब विचारतात.

२४/
बिल बकनर ८ एप्रिल २००८ रोजी फेनवे पार्कमध्ये हंगामाचा पहिला औपचारिक चेंडू टाकायला परतला. लोक बराच वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो डोळे पुसत होता. २०१९ मध्ये तो गेला. त्या टाळ्यांना ‘चाहत्यांनी बकनरला माफ केले’ असे म्हटले जाते. माफी कोणी कोणाची मागायला हवी होती, हे त्या वाक्यात उलटे झाले आहे.

२५/
आणि ॲरन बून, ज्याच्या होमरनने लिटल यांची नोकरी गेली, तो २०१८ च्या हंगामात यांकीजचा मॅनेजर होऊन त्याच खुर्चीत बसला. ८ ऑक्टोबर २०१८, समोर पुन्हा बॉस्टन, प्लेऑफ मालिकेचा तिसरा सामना. पिचर लुइस सेव्हेरिनो मार खात होता. बूनने त्याला चौथ्या इनिंगमध्येही पाठवले आणि सगळे बेस भरून एकही बाद न झालेला असताना बाहेर काढले. यांकीज १६-१ ने हरले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये वाद एकाच गोष्टीचा चालला होता: पिचर बदलायला हवा होता तो नेमका केव्हा.